बाबा पदमनजी : ‘यमुनापर्यटना’च्या पलीकडे

गेल्या वर्षी वाङ्मयेतिहासाच्या चाचणी परीक्षेत मराठी कादंबरीच्या आरंभकाळावर एक प्रश्न आला होता. मी उत्तरात बाबा पदमनजींना चार ओळी दिल्या. ‘यमुनापर्यटन’ ही कालानुक्रमे पहिली कादंबरी असली तरी ती धर्मप्रचारासाठी लिहिलेली असल्याने तिला वाङ्मयीन मूल्य नाही, असे मी ठासून लिहिले होते. गाइडातले वाक्यच थोडे फिरवून लिहिले होते म्हणा ना. पेपर परत मिळाला तेव्हा सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून शेजारी फक्त एक प्रश्नचिन्ह काढले होते. तासानंतर मी त्यांना भेटलो. हे मत कोणाचे, एवढेच त्यांनी विचारले. माझेच, असे मी म्हणालो. मग तुम्ही ती कादंबरी वाचली असेलच, असे म्हणून ते शांतपणे स्टाफरूमकडे निघून गेले.

मी ती वाचली नव्हती. वर्गात कोणीच वाचली नव्हती. आम्ही तिचे नाव आणि साल मात्र पाठ केले होते. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली हे कबूल केले पाहिजे. न वाचलेल्या पुस्तकावर मत देणे म्हणजे न पाहिलेल्या माणसाविरुद्ध साक्ष देण्यासारखेच झाले. म्हणून दिवाळीच्या सुटीपूर्वी ग्रंथालयातल्या खालच्या फळीवरून ते पुस्तक काढून घेतले, आणि त्याच्या पाठोपाठ ‘अरुणोदय’ हे बाबांचे आत्मचरित्रही. त्या वाचनातून जो माणूस मला दिसला त्याची ओळख माझ्या मित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. त्यांचे आडनाव मुळे, जातीने ते त्वष्टा कासार. पण आपल्या नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची जी पद्धत त्या काळी होती, तिच्यामुळे ते बाबा पदमनजी याच नावाने ओळखले गेले. एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. याच १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम प्रसिद्ध झाला, आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली, म्हणजे ‘यमुनापर्यटन’ निघाले त्याच वर्षी बाहेर पडली. पुढे याच कोशाचा संक्षेप करण्याचे काम बाबांच्याच हातून व्हायचे होते. मराठी भाषा छापखान्यात शिरून नवे रूप घेत होती, त्याच वेळी हा मुलगा वाढत होता.

वडील सरकारी नोकरीत होते. घर खाऊन पिऊन सुखी आणि तितकेच देवभोळे. व्रते, उपवास, सोवळे-ओवळे, पोथ्यांची पारायणे यांत बाबांचे बालपण गेले. आपण आज समजतो तसा लहानपणापासून सर्व गोष्टींवर शंका घेणारा हा मुलगा नव्हता. उलट तो मनापासून श्रद्धाळू होता. ‘अरुणोदया’तली बालपणाची प्रकरणे वाचताना हे विशेष जाणवते. जो धर्म त्यांनी पुढे सोडला, त्यातल्या सणावारांचे, नैवेद्याचे, बायकांच्या व्रतांचे वर्णन करताना त्यांच्या लेखणीला घरच्या ओळखीचा ओलावा येतो. ज्याला आतून माहीत आहे त्यालाच असे लिहिता येते.

बेळगावच्या मिशन शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले. तेथेच बायबलाची पहिली ओळख झाली. नंतर ते मुंबईस आले आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या शाळेत शिकू लागले. डॉ. जॉन विल्सन यांच्या ज्या शिक्षणकार्यातून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले, तीच ही परंपरा. १८४३ साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री तेव्हा या मंडळींत होते. एका ब्राह्मण तरुणाने उघडपणे धर्म बदलल्याने मुंबईत आणि पुण्यात केवढा गदारोळ उठला असेल याची कल्पना आपण करू शकतो. अशा माणसाशी बाबांचा निकट संबंध आला. तर्काने आणि ग्रंथांनी जे मनात पेरले जात होते त्याला शेषाद्रींच्या रूपाने एक चालताबोलता पुरावा मिळाला.

त्या दशकातली मुंबई आठवून पाहा. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण येऊन गेले होते. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून प्रसिद्ध होत होती. पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा चालवायला घेतल्या होत्या. १८४९ मध्ये परमहंस सभा स्थापन झाली. ही सभा गुप्त होती. जातिभेद मोडावा, एकच ईश्वर मानावा, विधवांचे विवाह व्हावेत, असे तिचे विचार. आणि सभासद होणाऱ्याने परक्या जातीच्या माणसाच्या हातचा पाव खाऊन आपण जातीचे बंधन मानत नाही हे दाखवायचे. बाबा या सभेत सामील झाले.

बाबांच्या आयुष्याचा सांधा मला येथे सापडतो. परमहंस सभेची माणसे विद्वान होती, प्रामाणिकही होती. पण जे सभेत खायचे ते घरी सांगायचे नाही, आणि जे सभेत बोलायचे ते चव्हाट्यावर बोलायचे नाही, असा तिचा रिवाज होता. बंद दाराआड जातिभेद मोडायचा आणि दार उघडले की पुन्हा पंक्तीला बसायचे. वीस-बावीस वर्षांच्या बाबांना हे पटेना. खरे असेल तर ते उजेडात का नको, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा पांगली. पण बाबा त्याआधीच तिच्यापासून मनाने दूर गेले होते. या सभेच्या अंतरंगाविषयी जी माहिती आज अभ्यासक वापरतात, तिचा बराचसा भाग ‘अरुणोदया’तूनच येतो, हेही येथे सांगायला हवे.

३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात बाबांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. त्या काळी धर्म बदलणे म्हणजे आई-वडिलांना जिवंतपणी अंतरणे. आपल्या हातचे पाणी आईला चालणार नाही, आपण उंबऱ्याच्या आत आलो तर घर बाटेल, आपल्यामुळे धाकट्या भावंडांची लग्ने अडतील, हे सारे ठाऊक असताना ते पाऊल टाकावे लागे. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. पण आईच्या पंक्तीला बसण्याचा हक्क कोणता कायदा देणार? बाबांचे विचार आपल्याला पटोत वा न पटोत, परमहंस सभेच्या बंद दारापेक्षा या उघड्या दाराची किंमत फार जबर होती, एवढे तरी मान्य करावे लागते.

आणि ती किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही. त्यांचे लग्न आधीच झालेले होते. पत्नी त्यांच्यामागे ख्रिस्ती धर्मात आली नाही. ती आपल्या माणसांत राहिली. पुढे बाबांनी ख्रिस्ती समाजातल्या स्त्रीशी दुसरा विवाह केला. मी या ठिकाणी बराच वेळ थांबलो. विधवांच्या दुःखावर मराठीतले पहिले मोठे कथानक लिहिणाऱ्या या माणसाच्या आयुष्यात एक स्त्री अशी आहे की जिचा नवरा जिवंत होता आणि तरीही तिचा संसार मोडला. तिने पुढले दिवस कसे काढले असतील? तिला सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला बोलावले जात असेल की नाही? बाबांवर लिहिलेल्या ज्या टिपणांतून माझी पहिली ओळख झाली त्यांत तिच्या वाट्याला एखाद-दुसरी ओळच आली आहे. मी बाबांना दोष देत नाही. ज्याला सत्य म्हणून काही दिसले त्याने ते नाकारून जगावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण थोर माणसाच्या निर्णयाचा हिशेब मांडताना तिची बाजू कोरी ठेवू नये असे मला वाटते.

आता त्यांच्या लेखनाकडे वळतो. बाबांच्या नावावर लहानमोठी शंभराच्या आसपास पुस्तके सांगितली जातात. आपण अभ्यासक्रमात त्यांतले एकच नाव घेतो.

त्यांची लेखणी धर्मांतरापूर्वीच चालू झाली होती. १८५२ मध्ये, म्हणजे एकविसाव्या वर्षी, त्यांनी ‘स्त्रीविद्याभ्यास निबंध’ लिहिला. मुली शिकल्या तर विधवा होतात, असे ज्या समाजात खुशाल मानले जाई, त्या समाजाला उद्देशून केलेले हे लेखन आहे. १८५४ मध्ये ‘व्यभिचारनिषेधक बोध’ निघाला. तरुण पुरुषांच्या बदफैलीपणावर एका तरुणानेच लिहावे, ही गोष्ट त्या काळात धाडसाची होती. हे दोन निबंध शेजारी ठेवले की बाबांच्या विचाराची दिशा कळते. समाज सुधारायचा तर तो घरापासून, आणि घर सुधारायचे तर स्त्रीपासून व पुरुषाच्या वर्तनापासून. हा विचार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पुढे कुटुंबसुधारणेवर, हिंदूंच्या सणांवर, हिंदू आणि ख्रिस्ती धर्मांच्या तुलनेवर त्यांनी जे विपुल लिहिले, त्यातले खंडनमंडन आज कित्येकांना बोचेल. मलाही काही ठिकाणी बोचले. परंतु त्या काळचे वाद आजच्या मापाने मोजून चालणार नाही. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद शेकडो लोकांसमोर झाले. दोन्ही बाजूंनी शब्द धारदार होते, आणि दोन्ही बाजूंनी ते मराठीतच होते. त्या झटापटीत मराठी गद्याचा हात साफ झाला.

त्याच १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण, असा त्याचा विषय पुस्तकाच्या नावातच सांगितलेला आहे. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. कायदा कागदावर आला होता, पण माजघरात पोचला नव्हता. बाबांनी त्या माजघरातच आपली कथा नेली. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली तरुणी, तिचा नवरा विनायकराव तिच्याच विचारांचा. दोघे प्रवासाला निघतात आणि गावोगावी त्यांना विधवा भेटतात. एकीचे केशवपन, दुसरीची उपासमार, तिसरीची फसवणूक. कथानक म्हणून पाहिले तर ही एकाला एक जोडलेली प्रकरणे आहेत. पण नंतर विनायकरावाचा अकाली मृत्यू होतो, आणि जी यमुना आतापर्यंत इतरांच्या कहाण्या ऐकत होती तिच्यावरच ती कहाणी येऊन कोसळते. ऐकणारी आता भोगणारी होते. येथे पुस्तक एकदम जिवंत होते, असा माझा अनुभव आहे. शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

त्या काळी कादंबरी हा शब्द आजच्या अर्थाने रुळलेला नव्हता. बाबांपुढे मराठीत नमुनाही नव्हता. बनियनच्या ग्रंथाचे ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ साली झाले होते, आणि बंगालीत मिसेस मलेन्स यांची फुलमणी व करुणा यांची गोष्ट १८५२ मध्ये निघाली होती. प्यारीचांद मित्रांचे ‘आलालेर घरेर दुलाल’ पुस्तकरूपाने यायला १८५८ साल उजाडायचे होते. बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ ची, गुजरातीतली ‘करणघेलो’ १८६६ ची, मल्याळममधली ‘इंदुलेखा’ १८८९ ची. ही साले मी वहीत एकाखाली एक लिहिली तेव्हा बेळगावच्या या सव्वीस वर्षांच्या तरुणाने काय केले ते माझ्या ध्यानात आले. देशी भाषांतल्या आरंभीच्या कादंबऱ्यांत त्याचे पुस्तक अगदी पहिल्या रांगेत बसते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ‘यमुनापर्यटना’नंतर मराठी कादंबरी त्या वाटेने गेलीच नाही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये आली. राजपुत्र, सुंदरी, संकटे आणि अद्भुत योगायोग यांत ती रमली. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने १८७१ मध्ये इतिहासाची वाट उघडली. घरातल्या बाईचे दुःख पुन्हा कादंबरीत यायला हरिभाऊ आपटे यावे लागले. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ १८९० मध्ये ‘करमणूक’मधून प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिकाही विधवा होते, तिचेही बळाने केशवपन होते, आणि तिचेही नाव यमुना. सगळे तिला यमू म्हणतात. दोन यमुनांमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे. हरिभाऊंची यमू कलेच्या दृष्टीने कितीतरी सरस आहे यात वाद नाही. तिची भाषा, तिचे हसणे, तिचा भाऊ, तिचे सासर सारे आपल्यासमोर उभे राहते. बाबांची यमुना कित्येकदा लेखकाचीच वाक्ये बोलते. तरीही एक फरक मला विचारात पाडतो. हरिभाऊंच्या यमूला सुटका नाही, ती त्या दुःखातच संपते. बाबांची यमुना दार उघडून बाहेर पडते. ते दार कोणते असावे याविषयी मतभेद होतील; पण दार असू शकते, हे मराठी कथेत प्रथम तिने दाखवले.

प्रचारासाठी लिहिलेले म्हणून मूल्यहीन, हे माझे परीक्षेतले वाक्य येथे माझ्यावरच उलटले. हरिभाऊंनीही समाजाला जागे करण्यासाठीच लिहिले. केशवपनाविरुद्ध लिहिणे हाही प्रचारच. मग बाबांच्याच बाबतीत तो दोष का ठरावा? त्यांचा प्रचार आपल्याला परका वाटतो म्हणून? माझ्या मते बाबांच्या कादंबरीचा खरा दोष निराळा आहे. पात्रांना स्वतःचा वेळ न देता ते निष्कर्षाकडे घाई करतात. हा दोष पुस्तक वाचूनच सांगता येतो. गाइड वाचून नव्हे.

बाबांची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मिशनऱ्यांच्या मराठीची यथेच्छ टर उडवली, आणि परदेशी पाद्र्यांनी भाषांतरलेल्या कित्येक पुस्तकांच्या बाबतीत ती योग्यही होती. बाबांची मराठी त्या जातीची नाही. तिच्यात बायकांच्या बोलण्यातले शब्द आहेत, म्हणी आहेत, स्वयंपाकघर आणि देवघर आहे. धर्म बदलला तरी भाषा बदलली नाही. या एका गोष्टीने त्यांच्या पुढच्या कोशकार्याचाही उलगडा होतो.

कोशकार बाबा हे तर आपण पुरते विसरलो आहोत. ‘शब्दरत्नावली’ हा समानार्थी शब्दांचा संग्रह त्यांनी १८६० मध्ये केला. मोल्सवर्थच्या साठ हजारांच्या आसपास शब्द असलेल्या अवजड कोशाचा सुटसुटीत संक्षेप १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मूळ ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती त्यामुळे कोश पडला. इंग्रजी-मराठी कोशही त्यांनी केला आणि १८९१ मध्ये, साठीत असताना, संस्कृत-मराठी कोश दिला. कोशाचे काम किती कष्टाचे असते हे ज्याने एकदा तरी शंभर शब्दांची यादी वर्णक्रमाने लावली आहे त्यालाच कळेल. त्यात ना टाळ्या ना वाद. ख्रिस्ती होऊन बाबा मराठीला दुरावले असे म्हणणाऱ्यांनी हे कोश एकदा हातात घेऊन पाहावेत.

धर्मकार्य त्यांनी केलेच. १८६७ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि काही वर्षे त्यांनी पुण्याच्या फ्री चर्चच्या मंडळीची सेवा केली. नंतर मुंबईत राहून त्यांनी लेखन आणि संपादन यांनाच वाहून घेतले. ‘सत्यदीपिका’सारखी नियतकालिके चालवली. नव्या करारावरची त्यांची टीका १८७७ मध्ये प्रसिद्ध झाली. एखाद्या ग्रंथावर टीका लिहिणे ही आपल्याकडची जुनी परंपरा. ज्ञानेश्वरांपासून ती चालत आलेली. बाबांनी ती परंपरा एका नव्या ग्रंथाला लावली, असेच मी त्याकडे पाहतो.

‘अरुणोदय’ १८८८ मध्ये बाहेर पडले. त्याच्या पुढल्या दोन वर्षांत मरे मिचेल यांच्या संपादनाखाली त्याचा इंग्रजी अवतारही निघाला. मराठीत आत्मचरित्रे तेव्हा जवळजवळ नव्हतीच. दादोबा पांडुरंगांनी लिहिलेले चरित्र छापून यायला विसावे शतक उजाडले, आणि रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या. बाबांनी आपल्या आयुष्याची कथा बाप्तिस्म्यापर्यंत आणून तेथे थांबवली आहे. नंतरच्या मानसन्मानांचा हिशेब त्यांनी दिला नाही. त्यांना सांगायचे होते ते एवढेच, की रात्र कशी सरली. उजाडल्यावर काय काय केले हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. स्वतःच्या चुका, भीती, चालढकल हे सारे त्यात मोकळेपणाने येते. परमहंस सभेच्या लपंडावावर टीका करणारा हा माणूस स्वतःही किती दिवस लपत होता, तेही त्याने लपवलेले नाही. हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या सर्व लेखनात मोठा वाटतो.

१९०६ साली बाबांचे निधन झाले. तोवर पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक यांनी तीच वाट आपापल्या परीने चालून दाखवली होती. रमाबाई आणि टिळक आपल्या पाठ्यपुस्तकांत आले. बाबा मात्र एका सालापुरते उरले. अलीकडे, २०२२ साली, दीप्रा दांडेकर यांनी केलेला ‘यमुनापर्यटना’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. देशभरातले वाचक आता ती इंग्रजीतून वाचू लागले आहेत. मराठी शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी ती मराठीतून न वाचता तिच्यावर पाच गुणांचे उत्तर लिहावे, हे बरे दिसत नाही.

आता एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. आमच्या घरी ओटीवर एक जुना फोटो आहे. आजोबांच्या मुंजीचा असावा. सगळे कुटुंब ओळीने बसले आहे आणि अगदी कडेला, निम्मी खांबाआड, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली एक बाई आहे. तिला आम्ही सगळे सोवळी आजी म्हणतो. ती पणजोबांची थोरली बहीण, नवव्या वर्षी विधवा झालेली, एवढे मला ठाऊक होते. ‘यमुनापर्यटन’ वाचत होतो त्या सुटीत एका रात्री मी सहज तिचे नाव विचारले. बाबांना ठाऊक नव्हते. काकांना ठाऊक नव्हते. शेवटी आजीने, जी लग्न होऊन या घरात आली तेव्हा त्या म्हातारीची शेवटची काही वर्षे पाहिली होती, बराच वेळ आठवून सांगितले, की त्यांचे नाव द्वारका होते. पण कोणी त्या नावाने हाक मारलेली तिने कधी ऐकली नाही. मग आजी स्वतःहूनच बोलू लागली. द्वारकाआजी पहाटे सर्वांच्या आधी उठत, घरातल्या एकूण एक बाळंतपणांत त्या राबल्या, पण बारशाच्या वेळी आत जाऊन बसत. पाळण्याची दोरी त्यांनी कधी हातात घेतली नाही.

मी परीक्षेत ज्या पुस्तकाला चार ओळींत निकालात काढले, ते पुस्तक द्वारकाआजीच्या जन्माच्या कितीतरी आधी लिहिले गेले होते. आमच्या घरात ते कोणी वाचले नाही. वाचले असते तर काही फरक पडला असता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. घराण्याने ते परधर्मीयाचे पुस्तक म्हणून कदाचित शिवलेही नसते. पण लेखक कोणत्या धर्माचा, हे विचारण्याच्या नादात त्याने कोणाबद्दल लिहिले, हे पाहायचे राहून गेले. आमच्या घरात राहून गेले, आणि माझ्या उत्तरपत्रिकेतही राहून गेले.

त्या फोटोच्या मागे मी आता पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहून ठेवली आहेत. डावीकडून मोजत गेले की नववे नाव द्वारकाचे आहे. पुस्तक मी ग्रंथालयात परत केले आहे. ते खालच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात आहे. माझ्या मित्रांनी ते जरूर काढून वाचावे, माझ्याशी वाद घालावा, वाटल्यास त्याला भिकार म्हणावे. मात्र आधी वाचावे.